फिलिपिन्सला गेल्यावर कोणता पारंपरिक गोड पदार्थ आवर्जून खावा?

तुम्ही लिहिलंय की चार दिवस मनिलाला जाताय आणि तिथली एकच खास मिठाई खायची आहे. एकच नाव हवं असेल तर माझं उत्तर आहे, बोहोल बेटावरच्या जाग्ना गावचं कालामाय. यातलं गाव मात्र गाळू नका, तिथले लोकही गाळत नाहीत.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. आमच्या जहाजांवर फिलिपिनो मंडळी कायम असतात. मेस रूममध्ये गोडाचा विषय निघाला की जो तो आपलं गाव पुढे करतो. बुलाकान प्रांतातल्या सान मिगेलचा माणूस म्हशीच्या दुधाच्या पास्तियासशिवाय दुसरं काही मानायला तयार नसतो. पांगासिनानच्या माणसाला कालासियावचा पुतो हवा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले इवलेसे गोड घास. नेग्रोसवाला पियायाची बाजू घेतो. ती कच्च्या साखरेचं सारण भरून भाजलेली चपटी पोळी. सातारी कंदी पेढ्यांची धारवाडी पेढ्यांशी तुलना केल्यावर सातारकर जसा उसळतो, अगदी तसं.

कालामाय मला पहिल्यांदा भेटलं ते इंजिन रूममधल्या एका ऑइलरच्या, म्हणजे यंत्रांना तेल-वंगण घालणाऱ्या खलाशाच्या हातून. तो जाग्नाचा. सुट्टी संपवून जहाजावर आला तेव्हा त्याने माझ्यासमोर एक अख्खी करवंटी ठेवली. काथ्या काढून, घासून गुळगुळीत केलेली, दोन्ही वाट्यांच्या सांध्यावर लाल क्रेप कागदाची पट्टी चिकटवलेली. ती पट्टी लांबून दिसली तरी ओळखीचा माणूस म्हणतो, हा बोहोलहून आला. आत काळपट तपकिरी, चकचकीत, चमच्याला तार धरणारा ऐवज. पहिल्या घासाला नारळाचं दूध आणि गुळासारखी कच्ची साखर, आणि मी थेट घरच्या स्वयंपाकघरात पोचलो. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. ‘लामी?’ म्हणजे ‘चवदार आहे ना?’ मी मान हलवली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी विसरलेलो नाही.

पुढे सेबू बेटावर बालांबानला नवीन जहाज ताब्यात घ्यायला गेलो असताना दोन दिवस मोकळे मिळाले. सेबूहून तागबिलारानला जलद बोटीने दोन तास, तिथून जाग्ना किनाऱ्याकिनाऱ्याने साधारण 63 किलोमीटर. त्या ऑइलरच्या नात्यातल्या एका घरी मी कालामाय होताना पाहिलं. चिकट तांदूळ भिजवून वाटलेला, घट्ट नारळाचं दूध, कच्ची साखर. बस, एवढंच. बाकी सगळी मेहनत. ‘कावा’ नावाच्या भल्यामोठ्या कढईत, लाकडाच्या जाळावर, तासन्‌तास ढवळायचं. सुरुवातीला ते खिरीसारखं सैल असतं. पुढे इतकं घट्ट होतं की उलथनं दोन्ही हातांनी रेटावं लागतं, आणि थांबलात तर तळाला करपतं. माणसं आळीपाळीने उभी राहत होती. मीही थोडा वेळ ढवळलं, दंड भरून आले. मग गरम असतानाच करवंट्यांत भरायचं.

गोव्यात नाताळला दोदोल खाल्लं असेल तर हे त्याच घराण्यातलं वाटेल. फरक तांदळाचा. दोदोल थापून वड्या पाडता येतात. कालामायच्या वड्या पडत नाहीत, चिकट तांदळामुळे ते लवचीकच राहतं.

परदेशात राबणाऱ्या या लोकांकडे एक सुंदर शब्द आहे, ‘पासालुबोंग’. बाहेरून परतताना आपल्या माणसांसाठी आणायचा खाऊ. आमचा ऑइलर उलटंही करायचा, गावचा खाऊ जहाजावर आणायचा. नऊ महिने समुद्रावर असताना गावाचं नाव निदान वीस माणसांच्या तोंडी राहावं, एवढंच त्याला हवं होतं, असं मला वाटतं.

म्हणून माझा आग्रह आहे, चारातले दोन दिवस बोहोलला द्या. मनिलाहून पांगलाओच्या विमानतळावर उतरता येतं. चॉकलेट हिल्स बघाच, पण जाग्नालाही जा. कामिगिन बेटाच्या बोटी तिथूनच सुटतात, त्यामुळे गाव वाटेवरचं आहे, अडनिडं नाही. कालामाय नुसतं चमच्याने खा, किंवा त्यांच्या पान्देसाल पावाला लावून. पाव गरम असेल तर उत्तमच. आणि कुणी विकत देताना ‘हे आमच्या गावचं’ म्हणालं, तर दोन मिनिटं थांबून ऐका.

मी एक करवंटी वेंगुर्ल्याला घेऊन आलो होतो. आईने चव घेतली, रस किती नारळांचा काढला असेल ते विचारलं, आणि रिकामी करवंटी धुऊन, दांडा बसवून तिचा डवला करून घेतला. आमटी अजून त्यानेच वाढते.