भूतानमध्ये पोलिस येण्यापूर्वी कायदा कोण राबवत असे?

भूतान शांत देश आहे, तेव्हा तिथे पूर्वी कायद्याच्या धाकाची गरजच नसावी, असे वाटू शकते. मला हा समज इतिहासाला धरून वाटत नाही. तेथील पोलिस दल नवे आहे. शासन मात्र जुने आहे आणि ते नेहमीच सौम्य नव्हते.

१६१६ मध्ये तिबेटमधून आलेले बौद्ध धर्मगुरू शब्द्रुंग नवांग नामग्याल यांनी दऱ्याखोऱ्यांत विखुरलेला हा मुलूख झोंगांच्या, म्हणजे किल्लेवजा मठांच्या, बळावर एकत्र आणला. एकाच तटबंदीच्या आत भिक्षू राहत, धान्याची कोठारे आणि शस्त्रे असत आणि झोंगपोन हा अधिकारी तिथूनच शेतसाराही वसूल करी व न्यायही देई. शेतसारा थकलेल्या शेतकऱ्याला दाद मागायची झाल्यास ती वसुली करणाऱ्याकडेच मागावी लागे. या व्यवस्थेचे खरे दुखणे मला इथेच दिसते. १७२९ मधील कायदेसंहितेने अधिकाऱ्यांच्या वर्तनाला काही मर्यादा घातल्या आणि तंबाखूचा निषेधही केला.

१९०७ मध्ये वांगचुक घराण्याची राजेशाही सुरू झाली, तरी मोठा बदल तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या काळातच झाला. त्यांनी १९५३ मध्ये राष्ट्रीय सभा स्थापन केली, पुढे गुलामगिरी व भूदासप्रथा संपवली, १ सप्टेंबर १९६५ रोजी लष्करातील ५५५ जवान वेगळे काढून पोलिस दल उभारले आणि १९६८ मध्ये उच्च न्यायालय सुरू केले. गावपातळीवरचे तंटे मात्र पुढेही बहुतांशी गुप, म्हणजे गावप्रमुख, सामोपचाराने मिटवत राहिले.

शांततेबद्दल बोलताना १९९० च्या आसपासचा काळ वगळणे अन्यायाचे होईल. १९८५ चा नागरिकत्व कायदा आणि १९८९ ची पोशाखसक्ती यांविरुद्ध दक्षिणेतील नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजाने निदर्शने केली, तेव्हा पोलिस आणि लष्कराने ती मोडून काढली आणि सुमारे एक लाख माणसे अखेर नेपाळमधील छावण्यांत पोहोचली.

जुना तंबाखूनिषेध २०१० मध्ये पुन्हा कडक कायदा होऊन आला आणि २०११ मध्ये थोडीशी तंबाखू बाळगल्याबद्दल एका तरुण भिक्षूला तीन वर्षांची शिक्षा झाली. लोकांनी उघड नाराजी व्यक्त केल्यावर २०१२ मध्ये शिक्षा सौम्य करण्यात आल्या. २००८ मध्ये, राज्यघटनेच्या वर्षीच, निवडून आलेल्या संसदेला हे करावे लागले, हा फरक मला त्या देशाच्या बाबतीत सर्वांत आश्वासक वाटतो.