पाटीवर नाव नाही, म्हणून सेवा थांबवू का?

अक्का, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. लेकाला लहानपणी मोठी कावीळ झाली होती. बेळगावच्या दवाखान्यातून तो बरा होऊन घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी गावच्या विठ्ठल-रखुमाईच्या देवळात जाते. नवस-बिवस काही बोलले नव्हते, मनात आलं आणि गेले. झाडलोट, सडा-रांगोळी, समया घासणं, तुळशीचे हार, सगळं करते. आता तो लेक नोकरीला आहे, त्याचं लग्नही झालं. यंदा देवळाचा जीर्णोद्धार झाला, कळस बसला. पंच कमिटीनं देणगीदारांना फेटे बांधले, शाल-श्रीफळ दिलं. संगमरवरी पाटी बसवली, तिच्यावर मराठीत आणि कानडीत नावं कोरलीत. माझं नाव कुठंच नाही. माईकवरूनसुद्धा कुणी घेतलं नाही. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सून म्हणते, ‘बस झालं आता, उद्यापासून जाऊ नका.’ मला राग आला, याचीच जास्त लाज वाटते. इतकी वर्षं केलेली सेवा खोटी होती का?
– एक सेवेकरीण

ताई,

खोटी नव्हती. एका रात्रीच्या रागानं इतक्या वर्षांच्या पहाटा खोट्या ठरत नाहीत. आपलं काम कुणीतरी बघावं, असं माणसाला वाटतंच. तुम्हाला ते फेटे बघून वाटलं, त्याआधी इतकी वर्षं वाटलं नाही, हे जास्त मोलाचं आहे.

लाजही सोडा. राग असेल तर तो विठ्ठलापुढंच काढा. जनाबाई आयुष्यभर नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत राहिली, आणि चिडली की विठ्ठलाला चक्क शिव्या घालत होती. वारकऱ्यांनी तिचे ते अभंगही इतर अभंगांसारखेच जपले. देवापुढं गोड तोंड करूनच उभं राहावं, असा आपल्याकडं नेम नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य : ‘नवस-बिवस काही बोलले नव्हते.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. नवस असता तर तो कधीच फिटला असता आणि तुम्ही मोकळ्या झाला असता. तुमचं तसं नाही. लेक आधी घरी आला आणि झाडू नंतर हातात आला. पहिल्या दिवशी तुम्ही देवळात मागायला गेलाच नव्हता, भरून आलेलं मन घेऊन गेला होता. या सेवेचा मोबदला कुणाकडं थकलेला नाही, ना देवाकडं, ना पंचांकडं.

पण हिला फेड समजू नका. ज्यांची लेकरं दवाखान्यातून परत आली नाहीत, त्या बायकाही देवळात येतात, वाती वळतात, काकड आरतीला उभ्या राहतात. त्या कसली फेड करतात? फेडीच्या भाषेत त्यांची सेवा बसत नाही आणि माझ्या मते तुमचीही बसत नाही. जगण्यात काही भलं आहे, त्याला रोज हात जोडावेसे वाटतात, एवढंच त्यामागं असतं.

पंच कमिटीचं मात्र चुकलंय, आणि ते मी स्पष्ट म्हणणार. फेटा देणगीदाराला बांधायचा आणि निष्काम सेवेचा उपदेश झाडू मारणाऱ्या बाईला ऐकवायचा, हे मला अजिबात पटत नाही. समईच्या पन्हाळीत साठलेलं चिकट तेल आणि काजळी चिंचेनं घासून काढताना बोटांच्या पेरांत काळं शिरतं, ते दोन-दोन दिवस जात नाही. हे ज्यांनी कधी केलं नाही त्यांना ती समई नुसती लखलखीत दिसते. तुम्हाला दुखलं यात तुमचा दोष नाही.

तरीही नाव कोरून मागायला जाऊ नका, असंच सांगेन. आपल्या भागात बसवण्णांच्या काळची एक गोष्ट सांगतात, तुमच्या गावच्या लिंगायत शेजारणीला विचारलंत तर तीही सांगेल. 12 व्या शतकात कल्याणला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, आयदक्की मारय्या आणि त्याची बायको लक्कम्मा राहत होती. मारय्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणायचा आणि त्यातून दोघं दासोह, म्हणजे शरणांना जेवू घालण्याची सेवा, चालवायची. एके दिवशी तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्मानं ते बघितलं आणि सांगितलं, हे जास्तीचं आपलं नाही, जिथून आणलं तिथं टाकून या. घरात दुसरं काही नव्हतं, दासोह रोजचा होता, तरी तिनं परत पाठवलं. रोजचे वेचलेले दाणे ही त्यांची सेवा होती. वरचं आलं की त्या सेवेत हाव शिरेल, हे तिनं नेमकं ओळखलं. तुमच्या बाबतीत ते वरचं म्हणजे पाटीवरचं नाव. ते आलं की दोन दिवस बरं वाटेल, आणि पुढच्या हरिनाम सप्ताहात आपल्याला कितव्या रांगेत बसवलं ते तुम्ही बघायला लागाल. आज पहाटे देवळात जाताना तुम्ही कुणाच्याच रांगेत नसता. ते सुख घालवू नका.

सुनेचं म्हणणं मायेपोटी आहे, तिच्यावर चिडू नका. पण ते ऐकूही नका. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47 वा श्लोक जो तो फळाची आशा धरू नको म्हणून सांगतो. त्याच श्लोकाचा शेवटचा चरण फार थोडे लोक सांगतात : काही न करण्याचीही ओढ धरू नकोस. रुसून घरी बसणं हीसुद्धा फळाचीच वाट बघणं आहे. कोण बोलवायला येतंय, याकडं कान लागून राहतात.

कमिटीकडं मात्र जा, आणि कामाचं बोला. तेल-वाती कुणी आणायच्या? जीर्णोद्धारात फरशी वाढली असेल, एवढं एकट्या बाईनं किती दिवस पुसायचं? नळ गाभाऱ्याजवळ घेता येईल का? पाण्याची बादली लांबून उचलून आणण्यात काही पुण्य नाही. हे हक्कानं मागा, त्यात संकोच नको. बोलता बोलता ‘त्या दिवशी मला वाईट वाटलं’ एवढंही एकदा सांगून टाका, शांतपणे. मग त्यांनी काय करायचं ते त्यांचं ते बघतील.

आणि दमला असाल तर आठ दिवस माहेरी जाऊन या. राग म्हणून नव्हे, विसावा म्हणून. जाण्याआधी गल्लीतल्या एखाद्या पोरीला तुळशीचा हार करायला शिकवा, मंजिऱ्या बाहेरच्या बाजूला कशा ठेवायच्या ते दाखवा. सुनेला एक दिवस पहाटे सोबत न्या. तिनं तुम्हाला देवळात काम करताना कधी बघितलंय का? तिच्या डोळ्यांसमोर आत्ता फक्त ती पाटी आहे.

कार्तिकात काकड आरतीला रोजच लवकर उठावं लागेल, तेव्हा किल्ली दोघींकडं राहील अशी सोय आत्ताच करून ठेवा.

– अक्का