सोलापुरात बेडूक-सरड्यांवर प्रोजेक्ट करायचाय? पकडणं कमी ठेवा

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी सोलापूरजवळचे बेडूक, सरडे, साप पकडून मोजमापं घ्यायची आहेत; कुठं जाऊ, काय नेऊ आणि उन्हाळ्यात उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. उन्हाळ्याचं आधी सांगतो.

बेडकांचं उन्हाळ्यात उरकणार नाही. आपल्याकडं पाऊसच जेमतेम, त्यातही सप्टेंबरवर भिस्त. एरवी कितीतरी बेडूक जमिनीत पुरून घेऊन पडलेले असतात. स्फेरोथिका वंशातले बेडूक तर मागच्या पायावरच्या फावड्यासारख्या टणक गाठीनं माती उकरत, पाठमोरे खाली जातात. मृगाचा पहिला दणकट पाऊस झाला की हेच सगळे वर येतात. शेताच्या बांधाला साचलेल्या पाण्यात मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होऊन, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतात. त्या दोन-तीन रात्री घरी बसलात तर वर्ष गेलं समजा. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. बऱ्याच जाती हात न लावता आवाजावरूनच ओळखता येतात.

सरड्यांसाठी मात्र उन्हाळाच बरा. आपल्या माळावर, दगडावर चढून गळ्याखालच्या कातडीचा पंखा उघडझाप करणारे नर विणीच्या काळातच नीट दिसतात. या गटाचं वर्गीकरण 2016 मध्ये बदललं आणि सिताना वंशातून ‘सरडा’ नावाचा वेगळा वंश निघाला, त्यामुळं कॉलेजातल्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. पंखा पूर्ण उघडलेला असताना बाजूनं फोटो हवाच.

जागा म्हणाल तर हिप्परग्याच्या तलावाचा काठ, शेतातली डबकी, गावाबाहेरचे खडकाळ माळ पुरेत. नान्नजचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ते माळढोक अभयारण्य आहे, तिथं आत शिरायलाच वेगळी परवानगी लागते.

आणि परवानगी बाहेरही लागते, हे बहुतेक मुलांना कुणी सांगतच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणंही त्यातच येतं. संशोधनासाठी कलम 12 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडं, म्हणजे नागपूरला, विभागप्रमुखांमार्फत अर्ज करायचा. घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहेच, 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामणही तिथंच गेले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्राची मंजुरीही लागते. रस्त्यावर मेलेला साप उचलून प्रयोगशाळेत नेणंसुद्धा कायद्यात बसत नाही, कारण मेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता धरला जातो. त्याचा फोटो, ठिकाण, वेळ नोंदवा, तीही कामाची माहिती आहे.

साप तुम्ही पकडूच नका, असं माझं स्पष्ट मत. वनखात्याच्या नोंदीतल्या सर्पमित्रांकडून जात, तारीख, ठिकाण मिळवा. प्रबंधाला तेवढं पुष्कळ झालं.

बेडूक हातात घेताना हात ओले हवेत. डास पळवायचं मलम लावून बेडकाला हात लावायचा नाही, त्याची कातडी सगळं शोषून घेते. एका पिशवीत एकच बेडूक. व्हर्नियरनं तुंडापासून, म्हणजे तोंडाच्या टोकापासून, गुदद्वारापर्यंतची लांबी घ्या, वजन करा, पाठीचा आणि पोटाचा फोटो काढा आणि जिथून उचलला तिथंच सोडा. ओळखीसाठी बोटं छाटायची जुनी पद्धत कुणी सुचवली तर नको म्हणा, अंगावरच्या ठिपक्यांच्या फोटोवर बऱ्याचदा भागतं. सरड्याला शेपटीनं धरू नका. एका तळ्यातून दुसऱ्याकडं जाताना बूट धुऊन, जंतुनाशक लावून वाळवा, बेडकांचा बुरशीचा रोग चिखलातून पसरू शकतो.

रात्री एकट्यानं जायचं नाही. पायात गमबूट, डोक्याला टॉर्च, आणि दगड उलटायचा तो काठीनं, कारण खाली फुरसं असू शकतं. मण्यार चावलेली कधीकधी कळतही नाही, तेव्हा शंका आली तरी चावलेला हात-पाय न हलवता थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं. पट्टी आवळणं, ब्लेड मारणं काही करायचं नाही.

अर्जाचं पत्र गाईडच्या टेबलावर दिवाळीच्या सुट्टीआधी ठेवा. मंजुरी मृगाच्या आत हातात पडायला हवी.