पालकांचे प्रश्न: सहावीला शाळा बदलताना

प्रश्न: आमच्या शहरात नगरपरिषदेच्या दोन आणि जिल्हा परिषदेची एक, अशा तीन शाळा घराजवळ आहेत. मुलगी पाचवी पास झाली. एकीची इमारत नवी आहे, दुसरीच्या दारात शिष्यवृत्तीधारकांचा फलक आहे, तिसरीत सेमी इंग्रजी आहे. पटसंख्या आणि शिक्षकसंख्या तिन्हीकडून आणली, तरी ठरत नाही.

इमारत सगळ्यात शेवटी बघा. सहावी ते आठवीत शाळा-शाळांमधला खरा फरक पडतो तो गणित आणि विज्ञान कोण शिकवतं याने. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांना किमान एकेक शिक्षक हवा, ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा आणि पट १००च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा. म्हणून मुख्याध्यापकांना सरळ विचारा: संचमान्यतेत (शाळेला मंजूर झालेल्या पदांच्या यादीत) सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकांची पदं किती, भरलेली किती, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांची पदवी कोणत्या विषयातली? बी.ए. झालेले गुरुजी विज्ञान शिकवत असतील तर प्रयोग बहुधा फळ्यावरच होतात. मुख्याध्यापक प्रभारी असतील तर आणखी एक प्रश्न: त्यांचे तास कोण घेतं? कारण प्रभारीपद बऱ्याचदा पदवीधर शिक्षकाकडेच येतं आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गणिताचा तास जातो.

तुम्ही आणलेल्या आकड्यांनी फसगत होते ती अशी. पहिली ते सातवी, पट १४०, शिक्षक ५. भागाकार २८, म्हणजे झकास. पण वर्ग सात आणि शिक्षक पाच! दोन जोडवर्ग (दोन इयत्ता एकाच शिक्षकाकडे) आलेच, आणि एखादे गुरुजी प्रशिक्षणाला गेले की तीन. त्यापेक्षा ३४ मुलांचा, पण स्वतंत्र शिक्षक असलेला वर्ग बरा. पटाला शिक्षकांनी भागण्याआधी वर्ग मोजा.

फलकावर फक्त यशस्वी मुलांची नावं असतात. वर्गात ३० मुलं, परीक्षेला बसवली ६, पात्र झाली ५. आणि दुसरीकडे ३० पैकी बसली २८, पात्र ११. पहिल्या शाळेने निवडक मुलं तयार केली, दुसरीने वर्ग. तुमची मुलगी त्या सहांत असेलच असं नाही.

सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ते नुसतं पाटीवर आहे की वर्गातही, हे सहावीतल्या कुणाची विज्ञानाची वही मागून बघितलं की कळतं. सगळ्यांच्या वहीत शब्दन् शब्द सारखं उत्तर असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. मुलगी मराठीतून सेमीत जाणार असेल तर सुट्टीत पाचवीचंच गणिताचं पुस्तक इंग्रजीतून एकदा करून घ्या. अडतात ती गणितं नसतात, अपूर्णांक, छेद, अंश यांचे इंग्रजी शब्द अडतात.

भेटीला मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला जा. सकाळची हजेरी सगळीकडे चांगली दिसते, जेवणानंतर किती मुलं वर्गात उरतात ते बघा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का, तेही त्याच वेळी. हे एक कारण सहावी-सातवीच्या मुलींची हजेरी पाडायला पुरेसं असतं.

प्रश्न: आवडलेली शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीसाठी पुन्हा शाळा बदलावी लागेल. नुकसान होतं का?

होऊ शकतं, आणि ते एनएमएमएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीत. ही परीक्षा आठवीत असते, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं आणि सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के). शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांनाच बसता येतं, विनाअनुदानित खासगी शाळेत गेलात की संधी संपली. तेव्हा आठवीची शाळा अनुदानित आहे ना, एवढं आजच बघून ठेवा. नवीन शाळेत नवा विद्यार्थी अर्ज भरताना राहून जातो, म्हणून उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढा आणि वर्गशिक्षकांकडे स्वतः चौकशी करा.

प्रश्न: जुनी शाळा, शाळा सोडल्याचा दाखला द्यायला टाळाटाळ करते आहे. नवीन शाळा म्हणते, दाखल्याशिवाय प्रवेश नाही.

दोघांचंही चूक. कायद्याच्या कलम ५ नुसार शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला नाही म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, आणि दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे कलम लिहून अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मात्र कागदी दाखला मिळाला की काम संपलं असं समजू नका. नवीन शाळेने ऑनलाइन विनंती पाठवून जुनीने ती मंजूर करायची असते. ते राहिलं तर मुलाचं नाव जुन्याच शाळेच्या पटावर दिसत राहतं.

प्रश्न: मुलगा खेड्यातल्या शाळेत चौथीत आहे. पाचवीलाच शहरात आणला तर चालेल?

नवोदयच्या (केंद्राच्या निवासी शाळेच्या) सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं नसेल तर खुशाल आणा. बसवायचं असेल तर थांबा: ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, एका वर्षासाठी त्या घालवू नका. सहावीला आणा.