एअर रायफल उभ्याने मारताना कंबर दुखते. व्यायाम कोणता करावा?

दंड फुगवून उपयोग नाही. रायफल साडेपाच किलोपर्यंत असते आणि मॅचमध्ये सव्वा तासात साठ गोळ्या मारायच्या असतात. हे वजन स्नायूंनी पेललंत तर हात थरथरणारच. उजव्या हाताने मारत असाल तर डावं कोपर कंबरेच्या हाडावर किंवा बरगडीला टेकवा, म्हणजे भार हाडांतून थेट पायात उतरतो. पण त्यासाठी पाठ मागे आणि बाजूला वाकते, दुखणं तिथलंच. म्हणून प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरणं), साइड प्लँक (तेच एका कुशीवर), ब्रिज (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं) नियमित करा. सरावानंतर उलट्या बाजूला ताण द्या, हे बहुतेक जण टाळतात. नेम धरून डोळे मिटा, उघडल्यावर तो सरकलेला दिसला तर हात नव्हे, पावलं हलवा. कळ पायात उतरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.