त्याला ठेवायचं कुणाजवळ?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. बँकेतून निवृत्त झाले. दिघ्याच्या वस्तीत एका संस्थेचं मुलांसाठी अभ्यासकेंद्र आहे, तिथे आठवड्यातून तीन संध्याकाळी गणित शिकवायला जाते. केंद्र चालवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी जरा शिस्त लावायला गेले की मुलांदेखत मला अडवते. परवा तर गणित काढून घेतलं आणि वह्या वाटायला बसवलं! मुलंही वेळेवर येत नाहीत. चौथीतली एक मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन यायची, तो रडून वर्ग डोक्यावर घ्यायचा. त्याला घरी ठेवून ये म्हटलं, तर तीच यायची बंद झाली. शिक्षणाची आस्थाच नाही. माझ्या अनुभवाची हीच किंमत असेल तर सोडून देऊ का?
– एक दुखावलेली स्वयंसेविका

उत्तर : तुमच्या मानापमानाचं नंतर बघू. मला आधी सांगा, त्या पोरीनं भावाला घरी ठेवायचं ते कुणाजवळ?

वर्षभराच्या पोराला घरी सोडून यायला तो काय पिशवी आहे? तुमच्याकडे भांडी घासायला बाई येत असेल, तर तिला विचारून बघा की आत्ता तुझं धाकटं कुणाकडे आहे. उत्तर ऐकून तुम्ही पुन्हा हे वाक्य लिहिणार नाही. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात, तीही काही तास. त्याहून लहान असेल तर घरी न्यायला शिधा मिळतो, पोराला सांभाळायला माणूस बहुतेक ठिकाणी मिळत नाही. संध्याकाळी तर अंगणवाडीला कुलूपच. मग आई कामावरून येईपर्यंत त्या घरातलं पाळणाघर म्हणजे ही चौथीतली पोरगी. दहा किलोचं ओझं कडेवर घेऊन ती गणित शिकायला येत होती, आणि तुम्हाला तिच्यात आस्था दिसली नाही!

तुमच्याच जिल्ह्यात हे कोडं फार पूर्वी सुटलंय. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. (२०१४पर्यंत तोही ठाणे जिल्हाच, आता पालघर.) आदिवासी पाड्यांवरची थोरली मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी अडकत. त्या बायांनी पालकांना आस्थेवर व्याख्यान दिलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिला विकासवाडी म्हणाल्या. धाकट्याला घेऊनच या, इतका साधा मार्ग.

शाळेच्या पटावर त्या मुलीचं नाव अजून असेलही. पण वर्गात न कळलेलं विचारायला तिच्याकडे तुमचं केंद्र होतं, आणि ते तुम्ही एका वाक्यात बंद केलंत. चौथी-पाचवीतल्या मुलींचा अभ्यास असाच सुटत जातो. कुणी भांडून सुटत नाही, घरातल्या कामात गुंतून सुटतो.

तेव्हा सोडायचं की नाही हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा आणि या आठवड्यात तिच्या घरी जा. आई कामावरून परतली असेल अशा वेळी जा. खाऊ नको, फोटो नको, अभ्यासाचं महत्त्व तर अजिबात नको. दारातच सांगा, "चूक माझी झाली. उद्यापासून तिला पाठवा, बाळालाही पाठवा." पोरगी बाजूला उभी असेल, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा.

घर कुठलं, हे तुम्हाला ठाऊक नसणार. ते ठाऊक आहे केंद्र चालवणाऱ्या मुलीला, आणि ते तिलाच विचारावं लागेल. विचारा. तुम्ही सोबत चला म्हणालात तर ती येईलही, कारण मुलांदेखत तुम्हाला का अडवते याचा मला आता अंदाज येऊ लागलाय.

आणि बाळ वर्गात रडलं तर? तुम्ही आहात की. वह्या एका हातानं वाटता येतात.