ओठ बधिर झाला, दाढ मात्र जागीच

प्रश्न : काही वर्षांपूर्वी खालच्या दाढेचं रूट कॅनॉल करताना दोन इंजेक्शनं देऊनही जीवघेणी कळ आली. छातीत धडधडायला लागलं, मी अर्ध्यातून उठून आले. आता दुसरी दाढ किडली आहे, गार पाणी झोंबतं. घरचे म्हणतात, लहान मुलंसुद्धा करून घेतात. मीच भित्री आहे का?

उत्तर : नाही. तेव्हा खरोखरच दुखलं होतं. दाताची नस फार सुजलेली असली की तिथली आम्लता वाढते आणि भुलीचं औषध नसेत नीट शिरत नाही. शिवाय नसही चाळवलेली असते. खालच्या दाढांना हा त्रास जास्त. तिथलं हाड जाड, म्हणून इंजेक्शन जबड्याच्या मागच्या भागात मुख्य नसेजवळ देतात. ओठ बधिर होतो, दाढ होतेच असं नाही. अशा वेळी दाढेलगत आर्टिकेन या भुलीच्या औषधाचं जादा इंजेक्शन किंवा दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत भूल देता येते.

धडधडीला भीतीइतकाच भुलीच्या औषधात मिसळलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनचाही हात असू शकतो. ती काही मिनिटांत ओसरते. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर मात्र आधीच सांगा.

नस फार सुजली की भूल नीट चढत नाही, म्हणून लवकर जा. गार झोंबून लगेच थांबत असेल, तर बहुधा नुसतं सिमेंट भरून भागेल आणि भूलही नीट चढेल. कळ रेंगाळायला लागली, रात्री ठणका लागला, की पुन्हा तोच प्रसंग. टाळाटाळीनेच तो ओढवतो.

पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि एक्स-रे. उपचाराच्या दिवशी हिरडी कोरडी करून एक-दोन मिनिटं बधिर करणारं जेल लावायला सांगा, आणि इंजेक्शन सावकाश, मिनिटभर तरी घेऊन द्यायला. औषध भसकन सोडलं की त्या दाबानेच जास्त दुखतं. मग ड्रिल लावण्याआधी गार फवारा मारलेला कापूस दाढेला टेकवून बघायला सांगा. कळ आली तर आणखी भूल. दाब आणि थरथर जाणवणारच, ते भूल उतरल्याचं लक्षण नव्हे.

डावा हात वर केला की काम थांबवायचं, हे आधी ठरवा आणि काही दुखत नसतानाच एकदा हात वर करून बघा. डॉक्टर थांबले नाहीत, तर दवाखाना बदला. उपाशीपोटी जाऊ नका. एवढ्यानेही जमलं नाही तर गुंगीच्या गोळीबद्दल विचारा. पण ती घेतली तर सोबत कुणीतरी हवं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि आधी काय खायचं तेही डॉक्टरांनाच विचारायचं.